नगराच्या मालकीची वारसा इमारत खासगी विकासकाला भाडेपट्ट्याने देताना: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि वारंवार होणाऱ्या चुका

वापराविना पडून असलेली जुनी इमारत खासगी विकासकाला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असे ठरले, की बहुतेक नगरसंस्था सर्वांत आधी जाहिरात काढतात आणि येथेच गाडी रुळावरून घसरते. जाहिरात निघते तेव्हा इमारतीची नेमकी अवस्था कोणालाच ठाऊक नसते, तिच्यातले काय राखायचे आणि काय बदलू द्यायचे हे ठरलेले नसते आणि मालकीच्या कागदांवर शेवटची नजर कधी पडली होती हेही कोणी सांगू शकत नाही. मग विकासक निवडला जातो आणि उरलेले सगळे प्रश्न त्याच्याशी वाटाघाटी करताना सोडवावे लागतात. त्या वेळी नगरसंस्थेकडे नाही म्हणण्याची ताकद फारशी उरलेली नसते, कारण निवडीची घोषणा झालेली असते आणि माघार घेतली तर नाचक्की होते.

पुढील सर्व टप्प्यांमागे एकच सूत्र आहे. नगरसंस्थेची बाजू विकासक निवडण्यापूर्वी सर्वांत भक्कम असते, निवडीनंतर ती उतरत जाते आणि ताबा दिल्यावर केवळ करारातल्या शब्दांपुरती उरते. म्हणून जे ठरवायचे ते जितके आधी ठरवता येईल तितके आधी ठरवावे. कायदे देशागणिक वेगळे असल्यामुळे प्रत्येक टप्प्यावर स्थानिक कायदेशीर सल्लागार लागतोच. टप्प्यांचा क्रम मात्र सर्वत्र जवळपास हाच राहतो.

## टप्पा १: मालकी, बंधने आणि आतल्या वस्तू

मालकीचा मूळ दस्तऐवज काढून तो शब्दशः वाचावा. नगराकडे आलेल्या अनेक जुन्या इमारती देणगी म्हणून आलेल्या असतात आणि देणगीपत्रात वापराची अट असते: वाचनालयासाठीच, शिक्षणासाठीच, सार्वजनिक सभांसाठीच. काही देणगीपत्रांत अट मोडल्यास मालमत्ता देणगीदाराच्या वारसांकडे परत जाईल अशीही तरतूद असते. ही अट विकासकाच्या वकिलाला सापडण्याआधी नगरसंस्थेला सापडली पाहिजे. अट शिथिल करण्यासाठी न्यायालयात किंवा वारसांकडे जावे लागणार असेल तर ते काम प्रस्ताव मागवण्यापूर्वी संपवावे.

पूर्वी एखाद्या शासकीय अनुदानातून दुरुस्ती झाली असेल तर त्या अनुदानाच्या अटीही तपासाव्यात. ठरावीक वर्षे इमारत भाड्याने देऊ नये, किंवा ती लोकांसाठी खुली ठेवावी, अशा अटी अनुदानासोबत येतात आणि दहा वर्षांनी त्या कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

यानंतर जागेची मोजणी करून घ्यावी. जुन्या इमारतींचे छज्जे शेजाऱ्याच्या हद्दीत गेलेले असतात, पायऱ्या रस्त्यावर आलेल्या असतात आणि सांडपाण्याची नळी शेजारच्या आवारातून जात असते. पट्ट्याने नेमके काय दिले जाते आहे, म्हणजे इमारत, आवार, वाहनतळ, तळघर, गच्ची, हे नकाशावर रेषा ओढून दाखवता आले पाहिजे.

आतल्या हलवता येणाऱ्या वस्तूंची यादी हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मनोऱ्यातले घड्याळ, घंटा, तैलचित्रे, लाकडी कपाटे, दिवे, नामफलक, जुनी दफ्तरे यांपैकी काय इमारतीसोबत जाते, काय नगराकडे राहते आणि काय इमारतीतच ठेवून त्याची मालकी मात्र नगराकडे राहते, हे छायाचित्रांसह लिहून ठेवावे. यादी नसलेली वस्तू बांधकामाच्या काळात गायब झाली तर ती कधी काळी तेथे होती हे सिद्ध करणेही अवघड जाते.

तपासणी: एखादी संस्था, मंडळ किंवा कार्यालय आजही इमारतीतली खोली वापरत असेल तर त्यांचा हक्क कशावर आधारलेला आहे आणि त्यांची पर्यायी सोय कोण करणार आहे, याचे लेखी उत्तर आता हाती असावे.

## टप्पा २: इमारतीची खरी अवस्था

या टप्प्यावर पैसे वाचवण्याचा मोह होतो. तो पुढे अनेक पटींनी महाग पडतो, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो.

तपासणीसाठी पारंपरिक बांधकामाचा अनुभव असलेला संरचना अभियंता आणि संवर्धनाचे काम केलेला वास्तुविशारद हवा. दोघेही पुढे प्रस्ताव देणाऱ्या कोणाशीही संबंधित नसावेत. केवळ सिमेंट-काँक्रीटच्या इमारती हाताळलेल्या अभियंत्याला दगड, वीट, चुना आणि लाकूड यांची इमारत अनेकदा आहे त्यापेक्षा धोकादायक वाटते, आणि मग पाडकामाची किंवा अनावश्यक मजबुतीकरणाची शिफारस अहवालात येते. त्याचबरोबर उलट दिशेची चूकही होते: बाहेरून भक्कम दिसणाऱ्या भिंतीत टेकलेली तुळईची टोके कुजून गेलेली असतात आणि वरवर पाहणाऱ्याला ती दिसत नाहीत. म्हणून केवळ फिरून पाहणे पुरेसे नाही. ठरावीक ठिकाणी गिलावा काढून, फरशी किंवा फळ्या उचलून, छताखालचे अस्तर उघडून पाहण्याची परवानगी आणि खर्च कामात धरलेला असावा.

पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हा या तपासणीतला कळीचा प्रश्न आहे. छप्पर, दोन छपरांमधील पन्हळ, पावसाच्या पाण्याच्या नळ्या, जोत्याभोवती वर्षानुवर्षे वाढत गेलेली जमिनीची पातळी, या चार ठिकाणी बहुतेक उत्तरे सापडतात. चुन्याच्या जुन्या भिंतीवर नंतर कोणी सिमेंटचा गिलावा केला असेल किंवा दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरले असेल तर त्याची वेगळी नोंद व्हावी. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवते आणि मग मऊ दगड किंवा वीट झिजू लागते. शक्य असल्यास एक पाहणी पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच करावी, कारण कोरड्या दिवसांत काढलेली छायाचित्रे फसवी असतात.

मजले किती भार पेलू शकतात, हे मोजून घ्यावे. अनेक बांधकाम संहितांमध्ये राहत्या खोल्यांसाठी प्रति चौरस मीटर साधारण २ किलोन्यूटन (सुमारे २०० किलो वजन) एवढा भार धरतात, तर लोक मोकळेपणाने वावरतील अशा सभागृहासाठी तो ५ किलोन्यूटनच्या आसपास जातो. वरच्या मजल्यावर उपाहारगृह किंवा समारंभाचे दालन करायचे की निवासी खोल्या, हे पुष्कळदा या एका आकड्यावरच ठरते. जुन्या रंगातील शिसे, छतातील किंवा नळ्यांभोवतीचे ॲस्बेस्टॉस, आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे मार्ग आणि अपंग व्यक्तींसाठी प्रवेशाची सोय यांवर अहवालात स्वतंत्र प्रकरणे असावीत.

अहवालातला खर्च एका ठोक आकड्यात घेऊ नये. तातडीच्या दुरुस्तीचा, काही वर्षांत कराव्या लागणाऱ्या दुरुस्तीचा आणि नव्या वापरासाठी लागणाऱ्या बदलांचा असे तीन वेगळे भाग मागावेत. पहिल्या दोन भागांतील खर्च मालक म्हणून नगरावर कधी ना कधी पडणारच होता; तिसरा विकासकाच्या व्यवसायाचा आहे. ही विभागणी केलेली नसली की वाटाघाटीत सगळाच खर्च इमारत वाचवण्याचा म्हणून मांडला जातो आणि भाडे त्या प्रमाणात खाली आणले जाते.

सावधान: विकासक येणारच आहे म्हणून देखभाल थांबवू नका. प्रस्ताव मागवण्यापासून प्रत्यक्ष काम सुरू होईपर्यंत वर्षे उलटतात. तेवढ्या काळात तुंबलेली एक पन्हळ छताची अख्खी बाजू खाली आणू शकते. छप्पर, पन्हळी, खिडक्यांची तात्पुरती बंदिस्ती, वीजजोडणीची सुरक्षितता आणि राखण यांसाठी वेगळी तरतूद आजच करावी.

## टप्पा ३: काय बदलायचे नाही, हे खोलीनिहाय ठरवणे

“ऐतिहासिक स्वरूपाला बाधा येणार नाही अशा प्रकारे काम करावे” हे वाक्य असंख्य भाडेपट्ट्यांत असते आणि त्याचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. बाधा म्हणजे काय, हे ठरवण्याचे काम ते वाक्य वादाच्या दिवसापर्यंत पुढे ढकलते, आणि त्या दिवशी दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ दोन मते देतात.

त्याऐवजी प्रत्येक मजल्याचा नकाशा घेऊन प्रत्येक खोली, जिना, दर्शनी बाजू, छत आणि फरशी तीन प्रतींत, म्हणजे तीन वर्गांत, विभागावी. पहिल्या प्रतीत जे आहे तसेच राखायचे, फक्त दुरुस्ती करायची. दुसऱ्या प्रतीत बदल चालेल, पण नगरसंस्थेच्या लेखी संमतीने आणि शक्यतो मूळ अवस्थेत परत आणता येईल असा. तिसऱ्या प्रतीत विकासकाला मोकळीक. तिसरी प्रत मनापासून भरावी. सगळेच अमूल्य ठरवले तर स्वच्छतागृहे, उद्वाहन, वातानुकूलनाच्या नळ्या आणि आगीचा जिना कोठे जायचा याला उत्तर राहत नाही आणि गंभीर विकासक पुढे येत नाहीत. मागे नंतर जोडलेल्या खोल्या, एकदा बदललेली तळमजल्याची मागची बाजू, सेवकांसाठीचे जिने अशा जागा बहुधा तिसऱ्या प्रतीत बसतात.

या विभागणीला आंतरराष्ट्रीय आधार हवा असेल तर स्मारकांच्या संवर्धनाबाबतची १९६४ ची व्हेनिस सनद सांगते, की स्मारकाचा समाजोपयोगी वापर इष्टच आहे, मात्र त्यापायी त्याची मांडणी आणि अलंकरण बदलता कामा नये. ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये तयार झालेल्या आणि नंतर सुधारत गेलेल्या बुरा (Burra) सनदेचा दृष्टिकोन व्यवहारात अधिक उपयोगी पडतो: आवश्यक तेवढा बदल करावा, पण शक्य तितका कमी. अमेरिकेत अंतर्गत व्यवहार खात्याने (Department of the Interior) जुन्या इमारतींच्या पुनर्वापरासाठी दहा मानके ठरवून दिलेली आहेत. आपल्या देशात असे अधिकृत मानक असेल तर करारात त्याचे नाव आणि आवृत्ती लिहावी.

वाक्ये अशी असावीत: मुख्य जिन्याच्या लाकडी कठड्याची जागा, उंची आणि नक्षी बदलता येणार नाही. दर्शनी बाजूच्या दगडावर वाळूचा मारा करून स्वच्छता करता येणार नाही. सांधे भरताना मूळ मिश्रणाचे विश्लेषण करून त्याला जुळणारा चुन्याचा मसाला वापरावा. सभागृहाच्या उंचीत पोटमाळा घालता येणार नाही. अशी पंधरा-वीस वाक्ये शंभर पानांच्या गौरवपर अहवालापेक्षा अधिक संरक्षण देतात.

ही बंधने केवळ भाडेपट्ट्यात ठेवू नयेत. कायदा परवानगी देत असेल तेथे ती जमिनीसोबत चालणाऱ्या वेगळ्या, नोंदणीकृत दस्तऐवजात ठेवावीत, म्हणजे पट्टा संपला, हस्तांतरित झाला किंवा धनकोकडे गेला तरी ती टिकतात. लोकांच्या प्रवेशाची अटही येथेच ठरवावी आणि ती मोजता येईल अशी लिहावी: कोणता भाग, आठवड्यातून किती तास, शुल्क असेल की नाही. वॉशिंग्टनमधील जुन्या टपाल कार्यालयाची इमारत हॉटेलसाठी दिली गेली तरी तिचा मनोरा राष्ट्रीय उद्यान सेवेमार्फत लोकांसाठी खुला राहिला. असा भाग आधीच वेगळा काढला तर विकासकाचा व्यवसाय आणि लोकांचा वावर एकमेकांच्या आड येत नाहीत.

## टप्पा ४: हिशेब आणि मुदत

आता प्रथमच पैशांकडे वळावे. दुसऱ्या टप्प्यातला खर्च आणि तिसऱ्या टप्प्यातली बंधने हाती घेऊन दोन-तीन संभाव्य वापरांचा ढोबळ हिशेब एखाद्या स्वतंत्र जाणकाराकडून करून घ्यावा. दुरुस्तीचा खर्च आणि त्यातून निर्माण होणारे मूल्य यांत बहुतेक वेळा तूट निघते. ती लपवू नये. कमी भाडे, सुरुवातीची काही वर्षे भाडेमाफी, अनुदान, करसवलत किंवा नगराने स्वतः छत दुरुस्त करून देणे, यांपैकी कशाने ती भरायची हे नगरसंस्थेने आधी ठरवावे. न ठरवल्यास विकासक ती निकृष्ट कामाने किंवा शेजारी अतिरिक्त बांधकामाची मागणी करून भरतो.

भाड्याचे मूल्यांकन मोकळ्या भूखंडाच्या दराने करणे ही नेहमीची चूक आहे. मूल्यांकनकाराला इमारत आज आहे त्या अवस्थेत आणि तिसऱ्या टप्प्यातील सर्व बंधनांसह मूल्य काढायला सांगावे, नाहीतर कागदावरचा आकडा इतका मोठा येतो की नंतर प्रत्येक प्रामाणिक प्रस्ताव नगराचे नुकसान करणारा दिसू लागतो.

पट्ट्याची मुदत किती असावी, यावर सभेत भावनेने चर्चा होते. प्रत्यक्षात ती विकासकाचे कर्ज आणि करसवलती यांवरून ठरते. उदाहरणार्थ, अमेरिकेत ऐतिहासिक इमारतीच्या पुनर्वापरावर मिळणारी २० टक्के केंद्रीय करसवलत पट्टेदाराला हवी असेल, तर बिगरनिवासी इमारतीच्या बाबतीत काम पूर्ण होईल त्या दिवशी पट्ट्याची किमान ३९ वर्षे शिल्लक असावी लागतात. इटलीने दीपगृहे खासगी व्यक्तींना वापरायला देण्याची योजना २०१५ मध्ये आणली तेव्हा कमाल मुदत ५० वर्षे ठेवली. वॉशिंग्टनच्या टपाल कार्यालयाचा २०१३ चा पट्टा ६० वर्षांचा आहे. म्हणून आधी आपल्या देशातील बँका पट्ट्यावर कर्ज देताना कर्जफेडीनंतर किती वर्षे शिल्लक मागतात ते विचारावे, मग मुदत ठरवावी. मुदतवाढ द्यायची असल्यास ती आपोआप नसावी. तोपर्यंतच्या देखभालीच्या तपासणीत उत्तीर्ण होण्याच्या अटीवर असावी.

या टप्प्यावर बाजाराचा अंदाज घेण्यासाठी विकासकांशी बोलायला हरकत नाही, पण एकाशी बोलू नये. किमान तिघा-चौघांना जाहीरपणे बोलवावे, सर्वांना तेच प्रश्न विचारावेत आणि टिपणे दप्तरी ठेवावीत.

## टप्पा ५: ठराव

हा टप्पा छोटा आहे, पण तो नीट लिहिलेला असावा. “इमारत भाडेपट्ट्याने देण्यास मंजुरी” एवढाच ठराव केला तर तो प्रशासनाला कोरा धनादेश ठरतो. कमाल मुदत, लोकांच्या प्रवेशाची किमान अट, संरक्षित भागांचा नकाशा, जमिनीची मालकी गहाण न ठेवण्याची अट आणि यांतले काही बदलायचे झाल्यास विषय पुन्हा सभेसमोर आणण्याचे बंधन ठरावातच असावे. लोकांच्या हरकती ठरावापूर्वी ऐकाव्यात. विकासक निवडल्यानंतर घेतलेली सुनावणी लोकांनाही दिखाऊ वाटते आणि न्यायालयांनाही. सदस्य, अधिकारी आणि सल्लागार यांनी आपले हितसंबंध याच वेळी लेखी जाहीर करावेत.

## टप्पा ६: प्रस्ताव मागवणे आणि निवड

प्रस्तावाच्या सूचनेसोबत तांत्रिक अहवाल, खोलीनिहाय नकाशे, मालकीच्या कागदांचा गोषवारा आणि भाडेपट्ट्याचा पूर्ण मसुदा जोडावा. मसुद्यातल्या ज्या कलमांवर आक्षेप असेल ते पर्यायी शब्दांसह प्रस्तावातच मांडायला सांगावे, आणि त्या आक्षेपांनाही गुणांकनात स्थान द्यावे. मसुदा नंतर करू म्हणणारी नगरसंस्था शेवटी विकासकाच्या वकिलाने लिहिलेल्या मसुद्यावर सही करते.

इमारत पाहण्यासाठी एकाहून अधिक दिवस ठेवावेत आणि सर्वांच्या प्रश्नांची उत्तरे सर्वांना एकाच वेळी पाठवावीत. प्रस्तावासाठी दोन-तीन आठवडे ठेवणे म्हणजे आधीपासून माहिती असलेल्या एकासाठीच दार उघडे ठेवणे होय.

गुणांकनाचे निकष आणि त्यांचे वजन सूचनेतच छापावे. भाड्याला अर्ध्याहून अधिक वजन दिले तर निवड भाड्यावरच होते, मग बाकीचे निकष कितीही सुंदर लिहिलेले असोत. सर्वाधिक भाड्याचा प्रस्ताव पुष्कळदा दुरुस्तीचा खर्च कमी धरून तयार केलेला असतो. त्यामुळे प्रत्येक प्रस्तावातील दुरुस्तीचा आकडा आपल्या अहवालातील आकड्याशी ताडून पाहावा आणि मोठी तफावत असेल तेथे लेखी स्पष्टीकरण घ्यावे. अनुभव पाहताना विकासकाने पूर्वी केलेल्या जुन्या इमारतींना समितीने स्वतः भेट द्यावी आणि तेथील मालकाला एकच प्रश्न विचारावा: काम संपल्यानंतरच्या पाचव्या वर्षी पन्हळी कोण साफ करत होते?

तपासणी: करारावर सही कोण करणार आहे? नामांकित समूहाने प्रस्ताव द्यायचा आणि करार मात्र नुकत्याच नोंदवलेल्या, भांडवल नसलेल्या कंपनीने करायचा, ही पद्धत सर्रास आहे. ती बेकायदा नाही. मात्र तशी स्थिती असेल तर मूळ समूहाची हमी घ्यावी. पसंतीच्या विकासकाबरोबरच दुसऱ्या क्रमांकाचा प्रस्तावही ठरावीक काळ वैध ठेवायला सांगावे. तेवढ्याने वाटाघाटीतला सूर बदलतो.

## टप्पा ७: करार, एक नव्हे दोन

निवड होताच भाडेपट्ट्यावर सही करणे ही सर्वांत महाग चूक. आधी विकास करारनामा करावा आणि त्यात परवानग्या, मंजूर आराखडे, निधीची पक्की तजवीज, विमा आणि बँक हमी या गोष्टी ठरावीक तारखेपर्यंत पूर्ण झाल्यासच भाडेपट्टा अस्तित्वात येईल असे लिहावे. तारीख उलटली तर करारनामा संपतो, इमारत नगराकडेच असते आणि कोणाला बाहेर काढण्याचा प्रश्न उद्भवत नाही. भाडेपट्टा एकदा झाला की मात्र पट्टेदाराचा जागेत हक्क निर्माण होतो आणि तो रद्द करायला वर्षे लागू शकतात.

भाडेपट्ट्यातील पुढील कलमांवर वेळ खर्च करावा.

गहाण: विकासकाला कर्ज लागणार आणि बँक तारण मागणार. त्याने आपला पट्ट्याचा हक्क तारण ठेवावा. नगराची मालकी कोणत्याही परिस्थितीत तारणात जाऊ नये. त्याच्या बदल्यात, पट्टेदाराने कसूर केल्यास बँकेला आधी सूचना देऊन ती कसूर दूर करण्याची मुदत देणे रास्त आहे, आणि ते कलम नसेल तर बँक कर्ज देणारही नाही.

भाडे: निश्चित मूळ भाडे आणि उत्पन्नातील हिस्सा असे दोन भाग ठेवता येतात. हिस्सा ठेवायचा असल्यास तो एकूण उत्पन्नावर ठेवावा. नफ्यावर ठेवला तर व्यवस्थापन शुल्क आणि संलग्न कंपन्यांना दिलेले पैसे वजा होऊन नफा दरवर्षी शून्यावर आणता येतो. हिशेब तपासण्याचा हक्क आणि भाडेवाढीचे सूत्र स्पष्ट असावे. मालमत्ता कर कोण भरणार हेही लिहावे, कारण सार्वजनिक वापरातील करमाफी खासगी वापर सुरू झाल्यावर अनेक ठिकाणी संपते.

देखभाल: “चांगल्या स्थितीत ठेवावे” याऐवजी वेळापत्रक जोडावे: पन्हळी वर्षातून किती वेळा साफ, छताची पाहणी कधी, बाहेरील लाकडाला रंग किती वर्षांनी. त्यासोबत देखभाल राखीव निधी ठेवावा. त्यात पट्टेदाराने दरवर्षी रक्कम भरावी आणि ती नगरसंस्थेच्या संमतीनेच काढता यावी.

विमा: घसाऱ्यानंतरच्या मूल्याचा विमा जुन्या इमारतीसाठी निरुपयोगी असतो. तशाच साहित्याने आणि तशाच कारागिरीने पुन्हा उभारणीचा खर्च मिळेल असा विमा हवा आणि त्यात नगरसंस्थेचे नाव असावे. आग लागल्यानंतर विम्याची रक्कम घेऊन पट्टा सोडून देण्याची मुभा पट्टेदाराला नसावी.

हस्तांतरण: पट्टा किंवा पट्टेदार कंपनीतील नियंत्रक हिस्सा विकायचा असल्यास नगरसंस्थेची संमती आवश्यक ठेवावी. कंपनीच विकली की पट्टा न बदलता मालक बदलतो, हे अनेक मसुद्यांत सुटते. वॉशिंग्टनच्या पट्ट्याचे हक्क पहिल्या विकासकाने २०२२ मध्ये दुसऱ्या कंपनीला विकले आणि हॉटेल नव्या नावाने पुन्हा सुरू झाले. साठ वर्षांच्या मुदतीत असे होणारच, हे धरूनच कलम लिहावे. निवडून आलेल्या व्यक्तीला पट्ट्यातून लाभ घेता येणार नाही असे कलम ठेवायचे असल्यास, पट्टेदार नंतर निवडून आला तर काय, हेही त्यात असावे. त्याच पट्ट्यातील अशा कलमाच्या अर्थावरून, पट्टेदार कंपनीचे मालक डोनाल्ड ट्रम्प राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, जाहीर वाद झाला होता.

कसूर: थेट पट्टा रद्द करणे हा एकमेव उपाय ठेवला तर तो कधी वापरला जात नाही. सूचना, मुदत, दैनिक दंड, नगरसंस्थेने स्वतः दुरुस्ती करून खर्च वसूल करणे आणि शेवटी रद्दता अशी चढती पायरी ठेवावी.

## टप्पा ८: ताबा

विकास करारनाम्यातील अटी पूर्ण झाल्याचे प्रत्येक कागद पाहून लेखी प्रमाणित करावे. कर्ज मंजूर झाल्याचे पत्र आणि कर्ज वितरणाचा करार यांत फरक आहे, दुसरा मागावा. ताब्याच्या दिवशी दोन्ही बाजूंनी मिळून प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढावीत, पहिल्या टप्प्यातील वस्तूंची यादी ताडून पाहावी आणि सह्या कराव्यात. साफसफाईसाठी, सर्वेक्षणासाठी किंवा उद्घाटनाच्या समारंभासाठी आधी किल्ली मागितली तर मर्यादित प्रवेशाचा वेगळा परवाना द्यावा, त्यात विमा आणि जबाबदारी लिहावी. तात्पुरता म्हणून दिलेला ताबा तात्पुरता राहत नाही.

## टप्पा ९: काम चालू असताना

नगरसंस्थेचा स्वतःचा संवर्धन वास्तुविशारद पूर्ण काळ नेमलेला असावा आणि त्याचे शुल्क विकासकाने नगरसंस्थेकडे भरलेल्या रकमेतून जावे. विकासकाने थेट पैसे दिलेला निरीक्षक विकासकालाच उत्तरदायी राहतो. सांधे भरणे, गिलावा, दगडाची स्वच्छता, लाकडाची दुरुस्ती या प्रत्येक कामाचा लहान नमुना आधी भिंतीवर करून घ्यावा, मंजूर करावा आणि काम संपेपर्यंत तसाच राखावा. बाकी भिंतीची तुलना त्याच्याशी होते.

काम सुरू झाले की अनपेक्षित गोष्टी सापडतातच: झाकलेली कमान, जुना रंग, कुजलेली तुळई. अशा वेळी काम किती दिवस थांबेल, निर्णय कोण घेईल आणि ठरलेल्या दिवसांत नगरसंस्थेने उत्तर दिले नाही तर काय, हे आधीच ठरलेले असावे. विलंबाचा दोष नगरसंस्थेवर येतो तो बहुधा येथेच. बँक हमी टप्प्याटप्प्याने सोडावी आणि शेवटचा मोठा भाग पूर्णत्वाचे नकाशे (काम प्रत्यक्षात जसे झाले ते दाखवणारे), वापरलेल्या साहित्याच्या नोंदी आणि छायाचित्रे जमा झाल्यावरच मोकळा करावा.

## टप्पा १०: पुढची वर्षे आणि परत ताबा

उद्घाटनानंतर फाइल कपाटात जाते. हे टाळण्यासाठी पट्ट्याची जबाबदारी एका पदावर नेमून द्यावी. अधिकारी बदलले तरी पद राहते. त्या पदावरील व्यक्तीकडे तारखांची यादी असावी: भाडेवाढ, विम्याचे नूतनीकरण, वार्षिक पाहणी, राखीव निधीचा भरणा, हिशेबतपासणी. वार्षिक पाहणी न केल्यास दहा वर्षांनी दाखवलेला दोष नगरसंस्थेला मान्य होता, असा बचाव पट्टेदार करू शकतो. लहान सवलती तोंडी देऊ नयेत. एक वर्ष दुर्लक्षित केलेली प्रवेशाची अट पुढच्या वर्षी लागू करणे कठीण होते.

मुदतीची शेवटची वर्षे इमारतीसाठी सर्वांत धोक्याची असतात, कारण परत जाणाऱ्या इमारतीवर खर्च करण्यात पट्टेदाराला स्वारस्य राहत नाही. म्हणून मुदत संपण्याच्या किमान पाच वर्षे आधी दोन्ही बाजूंनी मिळून पूर्ण तांत्रिक तपासणी करावी, दुरुस्तीची यादी व वेळापत्रक ठरवावे आणि त्या वर्षांसाठी हमीची रक्कम वाढवावी, असे कलम सुरुवातीच्या करारातच हवे. पट्टेदाराने बसवलेली यंत्रे, उद्वाहन आणि सजावट यांतले काय इमारतीसोबत विनामूल्य राहील आणि काय मूळ जागा पूर्ववत करून काढून नेता येईल, याची यादीही तेव्हाच अद्ययावत करावी. ताबा परत घेताना पहिल्या दिवशीची छायाचित्रे आणि पूर्णत्वाचे नकाशे समोर ठेवूनच खोलीनिहाय पाहणी करावी आणि राखीव निधीतील शिल्लक नगराकडे जमा झाल्याशिवाय हमी परत देऊ नये.